चाळिशीला चष्मा, साठीला मात्र चळ

गेल्या उन्हाळ्यात वर्धा नदीकाठच्या आमच्या गावात एका जमिनीवरून बोलाचाली झाली. शहात्तर वर्षांच्या एका कास्तकारानं धुऱ्यालगतची दोन एकर विकायला नकार दिला. सही करणार नाही म्हणाला. थोरला मुलगा पारावर येऊन सांगू लागला, "बुढ्याले काई समजत नाई आता. काल काय जेवला ते आठोत नाई, अन् वावराचं काय ठरवते हा?" नागपूरला नोकरी करणारा पुतण्या सुटीवर आलेला होता. त्यानं मोबाइलवर वाचून निदानच करून टाकलं: हा अल्झायमर आहे, एमआरआय काढा. पारावर बसलेले चौघे, त्यांतले तिघे स्वतः सत्तरीपुढचे, मान डोलावून म्हणाले, "साठी बुद्धी नाठी. वय झालं का होतेच." ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तो पंधरा पावलांवर कडुनिंबाखाली बसलेला होता. त्याला कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

पुढं हाच वाद मी तेरवीच्या पंगतीत ऐकला, बँकेच्या रांगेत ऐकला, एकदा ग्रामसभेतही ऐकला, आणि दर वेळी तो तितक्याच वाईट रीतीनं मांडला गेला. एक बाजू म्हणते, म्हातारपणी बुद्धी जाणारच, त्यात पाहायचं काय? दुसरी म्हणते, विसरला म्हणजे आजारी. वरवर या बाजू एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. पण दोघींच्या मनातलं मेंदूचं चित्र एकच आहे. तळाला बारीक भोक पडलेला माठ. पेशी रोज ठिबकतात, पाणी उतरत जातं, एक दिवस माठ कोरडा. मी पंचवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं हेच चित्र मुलांसमोर ठेवलं, याची मला खंत आहे. कारण ते चित्र चूक आहे. निरोगी म्हातारपणात मेंदूतल्या पेशी थव्यानं मरत नाहीत. बदलतं ते त्या पेशींतल्या प्रथिनांचं आपापसातलं नातं: कोण कोणाला धरून आहे, किती घट्ट, किती वेळ, कोणत्या प्रमाणात. ही गोष्ट नीट समजली तर नुसत्या वयाच्या आकड्यावरून कोणाची बुद्धी गेली असं म्हणता येत नाही, आणि खरा आजार असेल तर तो वयाच्या नावावर झाकताही येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आमच्या खेड्यांत शहरापेक्षा जास्त निकडीचं आहे.

माठाचं चित्र आलं कुठून? १९५५ साली अमेरिकेत हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी वेगवेगळ्या वयांत वारलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन पेशी मोजल्या आणि वयाबरोबर त्या बऱ्याच घटतात असं मांडलं. अभ्यास प्रामाणिक होता, पण मोजणी ठरावीक जागेतल्या पेशींची होती. दोन वावरांतली पऱ्हाटी एकेका गुंठ्यात मोजायची, एका वावरात झाडांतलं अंतर तीन फूट आणि दुसऱ्यात चार, आणि पूर्ण वावरं किती मोठी आहेत हे पाहायचंच नाही, तर हिशेब कसा लागेल? जतन करताना मेंदूचा ऊतक आक्रसतो आणि तो सगळ्या वयांत सारखा आक्रसत नाही. शिवाय ज्यांना आतून आजार लागलेला होता असे मेंदूही निरोगी म्हणून मोजले जात. मोजणीची पद्धत सुधारली, पूर्ण मेंदूतल्या पेशींचा अंदाज घेता येऊ लागला. मग १९९७ मध्ये डेन्मार्कच्या बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स गुंडरसन यांच्या मोजणीत वीस ते नव्वद वर्षांच्या दरम्यान मेंदूच्या बाह्य थरातला फरक साधारण एक दशांश निघाला. सत्तर वर्षांत एक दशांश. तरीही "रोज लाखभर पेशी मरतात" हे वाक्य अजून पारावर फिरतं. खोडलेला आकडा इतका टिकतो, कारण तो आपल्याला आधीच पटलेल्या म्हणीला पुरावा देतो.

मग पेशी जागेवर असतील तर नाव ओठावर येऊन अडतं कशानं? यासाठी बंडीचं चाक आठवावं. चैत्र-वैशाखात लाकूड वाळतं, आक्रसतं आणि लोखंडी धाव सैल पडते. आरे तितकेच, लोखंड तितकंच. मोजायला बसलं तर चाकात काहीच उणं सापडणार नाही. तरी बंडी खडखडते, कारण एका भागाची दुसऱ्यावरची पकड बदललेली असते. कोणी चाक नाल्यात भिजत ठेवतो, कोणी लोहाराकडून धाव पुन्हा चढवून घेतो. सैल धाव पाहून बंडी सरपणाला काढणारा कास्तकार मी अजून पाहिलेला नाही.

चेतापेशीचं म्हातारपण बरंचसं असं आहे. ही पेशी एकदा तयार झाली की सहसा पुन्हा विभागत नाही. ऐंशीच्या आजीच्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी ऐंशीच्याच असतात. त्यांच्यातली प्रथिनं मात्र तितकी जुनी नसतात. उंदरांच्या मेंदूत मोजलं तेव्हा बहुसंख्य प्रथिनं काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत नवी घातली जातात असं दिसलं. भिंती त्याच, कवेलू मात्र सतत फेरलेले. काही थोडी प्रथिनं याला अपवाद आहेत. पेशीकेंद्रकाच्या दारांत बसलेली काही, चेतातंतूवरच्या वेष्टनातली काही, ही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तीच राहतात आणि झिजतात. म्हणजे एकाच घरात काल चढवलेला कवेलू आणि आजोबांच्या काळची मयाल शेजारी शेजारी. त्यांचा सांधा जुळता ठेवणं हेच त्या पेशीचं आयुष्यभराचं काम.

आणि प्रथिन एकटं क्वचितच काही करतं. एका चेतापेशीनं दुसरीला निरोप द्यायचा तर रसायन भरलेली अतिसूक्ष्म पिशवी पेशीच्या काठाशी येऊन उघडावी लागते. पिशवीवर सिनॅप्टोब्रेविन नावाचं प्रथिन असतं. काठावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. ही तिघं दोराच्या पदरांसारखी एकमेकांभोवती पीळ घालतात, पीळ आवळला जातो, पिशवी काठाला मिळते आणि निरोप पलीकडे जातो. पिशव्यांच्या या वाहतुकीचं कोडं उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ यांना २०१३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पलीकडच्या काठावर निरोप झेलणारी प्रथिनं पीएसडी-९५ नावाच्या आणखी एका प्रथिनाच्या मांडवाला बांधलेली असतात. त्या झेलणाऱ्या प्रथिनांचे घटक वयाबरोबर बदलतात, काहींचं प्रमाण उतरतं, हे प्राण्यांत वारंवार दिसलं आहे. दोराचा एक पदर थोडा जाड, दुसरा थोडा बारीक झाला तर दोर तुटत नाही. पण पीळ पूर्वीइतक्या झटक्यात बसत नाही.

प्रमाण बिघडणं म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्ट दिसलं ते एका माशात. आफ्रिकेत पावसाच्या डबक्यात जन्मून डबकं आटायच्या आत आयुष्य उरकणारा किलीफिश नावाचा मासा आहे. काही महिन्यांत तो म्हातारा होतो, म्हणून अभ्यासाला सोयीचा. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. पेशीत प्रथिनं घडवणारा कारखाना म्हणजे रायबोसोम. तो स्वतःच सुमारे ऐंशी प्रथिनांच्या जोडणीतून उभा राहतो. म्हाताऱ्या माशाच्या मेंदूत या सुट्या भागांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण ढळलेलं होतं. काही भाग जास्त, काही कमी; जास्तीचे भाग जोडीदार न मिळाल्यानं गोळा होऊन साचू लागलेले. आणि त्याच्याही आधी मंदावलं होतं ते प्रोटिआसोमचं काम, म्हणजे नको असलेली प्रथिनं मोडून टाकणारी यंत्रणा. सूचना बरोबर लिहिलेल्या, माल तयार, पण जोडणीच्या ओट्यावरचा पसारा आवरणारा गडी थकलेला. निरोगी म्हातारपणाचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, पकड सैल झाली काय किंवा पेशी मेली काय, माणसाला फरक काय पडतो? फार मोठा फरक पडतो. मेलेली पेशी परत येत नाही. सैल पडलेलं नातं निदान काही अंशी सावरता येतं. येल विद्यापीठात २०११ मध्ये म्हाताऱ्या माकडांवर झालेला प्रयोग याच मुद्द्याचा आहे. एखादी गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशी वयाबरोबर कमी जोमानं काम करत होत्या. त्या पेशींतल्या एका विशिष्ट प्रथिनसाखळीला औषधानं आवर घातला तेव्हा त्याच म्हाताऱ्या पेशी पुन्हा बऱ्याच जोमानं काम करू लागल्या. पेशी मेलेल्या असत्या तर हे घडलं असतं का? दुसरा दाखला माणसांचा आहे. शिकागोच्या रश विद्यापीठात १९९७ पासून वृद्धांचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात सहभागी होणारे दरवर्षी चाचण्या देतात आणि मृत्यूनंतर मेंदू दान करतात. त्या मेंदूंच्या तपासणीत असं दिसलं की मघाशी सांगितलेल्या दोरातल्या प्रथिनांचं प्रमाण आणि त्यांची आपापसातली जोडणी ज्यांच्यात चांगली टिकलेली होती, त्यांची बुद्धी शेवटच्या वर्षांत तुलनेनं चांगली होती, मेंदूत आजाराच्या खुणा असूनही. मला या शोधानं फार धीर दिला. पारावर बसलेल्या चौघांना तो सांगितला तर त्यांनाही देईल असं वाटतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा घेतो, कारण तो खरा आहे. निरोगी म्हातारपण आणि आजार यांच्यात रेणूंच्या पातळीवर भिंत नाही. अल्झायमरच्या आजारात दिसणारे अमायलॉइडचे थर आणि टाऊ प्रथिनाच्या गाठी, दोन्ही गोष्टी ठणठणीत बुद्धीच्या कितीतरी वृद्धांच्या मेंदूतही सापडतात. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ ख्रिस्ती जोगिणी सहभागी झाल्या; त्यांतल्या काहींचे मेंदू मृत्यूनंतर आजाराच्या खुणांनी भरलेले निघाले, पण जिवंतपणी त्या चाचण्यांत उत्तम होत्या. आणि या आजाराचं सर्वांत मोठं कारण वयच. मग दोन्हींना वेगळं म्हणण्याचा हट्ट कशासाठी? एकाच उताराची वरची आणि खालची बाजू म्हणा ना!

याचं उत्तर आपल्या डोळ्यांतच आहे. डोळ्याच्या भिंगात क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं ठासून भरलेली असतात. भिंगाच्या गाभ्यातली ही प्रथिनं जन्माआधी तयार होतात आणि आयुष्यभर बदलली जात नाहीत. वय वाढतं तसे त्यांचे आपापसातले बंध बदलतात, भिंग ताठर होतं, जवळचं अक्षर दिसेना होतं. याला आपल्या भाषेत किती सुंदर नाव आहे: चाळिशी. वयाचंच नाव दिलं, चष्माही त्याच नावानं ओळखला, आणि विषय संपला. चाळिशी लागली म्हणून कोणाचा सातबारा कोणी मागितला नाही. त्याच भिंगात, तीच प्रथिनं पुढं गोळा होऊन ढग धरतात तेव्हा त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो आणि शस्त्रक्रियेला नेतो. चाळिशी कुठं संपते आणि मोतीबिंदू कुठं सुरू होतो, याची रेघ रेणूंत कोणी आखून दिलेली नाही. तरी गावातली न शिकलेली बाईसुद्धा दोन्हींत गल्लत करत नाही. उताराला पायऱ्या नसतात म्हणून माथा आणि पायथा एक होत नाहीत. आणि हेही आठवावं की माझ्या आजीच्या पिढीत मोतीबिंदू झालेली बाई खाटेवर बसून राहायची आणि घरचे म्हणायचे, वय झालं, दिसणार कसं? डोळ्यांची शिबिरं आली, १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि "वय झालं" हे उत्तर किती आळशी होतं ते कळलं. मेंदूच्या बाबतीत आपण अजून खाटेवरच बसलेलो आहोत. चाळिशीसारखा निरुपद्रवी शब्द साठीच्या मेंदूसाठी आपल्याकडे नाही. आहे तो म्हातारचळ, आणि त्यात अपमान मुरलेला आहे.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा. वृद्धांना फसवणारे आजूबाजूला भरपूर आहेत. फोनवर बँकेतून बोलतो म्हणणारे, कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे, कर्जमाफीच्या नावावर कागदपत्रं गोळा करणारे. ज्याचा विचार मंदावला आहे त्याच्या हाती सगळा व्यवहार ठेवणं धोक्याचं आहे, आणि मुलांची काळजी दर वेळी लोभच असते असं मी म्हणणार नाही. घाईत, गोंगाटात, एकावेळी चार गोष्टी सांभाळून निर्णय घेणं वयाबरोबर खरोखर अवघड होतं. वेग आणि तात्पुरती धारणा या दोन गोष्टी आधी उतरतात. पण अमेरिकेत वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा बुद्धीच्या सगळ्या बाजू एकत्र उतरत नाहीत हे दिसलं. वेग आधी उतरतो. शब्दसंग्रह आणि साठवलेलं ज्ञान बराच काळ टिकतं. मग काळजीचा योग्य मार्ग कोणता? सही काढून घेणं, की घाई काढून घेणं?

कायद्याला हे आमच्या पारापेक्षा आधी कळलं होतं. १८७२ च्या करार कायद्याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की जो एरवी भानावर नसतो पण मधूनमधून असतो, तो भानावर असताना करार करू शकतो. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कायदाही माणसावर कायमचा शिक्का मारत नाही. त्या वेळी, त्या व्यवहारापुरतं त्याला समजतं का, एवढं विचारतो. वयाची वरची मर्यादा त्यात कुठंही नाही. उलट २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं तेविसावं कलम सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्याची वाट ठेवतं. कायदा वृद्धाच्या बाजूनं इतका उभा असताना पारावरच्या एका म्हणीनं त्याला बाजूला काढावं का?

त्या शहात्तर वर्षांच्या कास्तकाराकडे मी चार दिवसांनी सकाळी गेलो. सकाळी मुद्दाम, दुपारच्या उन्हात तो थकलेला असतो. शेजारी बसलो आणि विचारलं, दादाजी, ती दोन एकर काहून नाही विकत? त्यानं शेजारच्या वावरवाल्याचं नाव आठवायला बराच वेळ घेतला, दोनदा चुकीचं घेतलं, मग सोडून दिलं. कारण मात्र न अडखळता सांगितलं. विहिरीचा पाट त्या दोन एकरातून जातो. ती विकली की उरलेल्या पाच एकराचं पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर. "संत्रा लावाचा म्हनते पोट्टा. पान्याबिगर लावते का?" नाव विसरणारा आणि पाट न विसरणारा मेंदू एकच आहे. पुतण्याचा एमआरआय हा पाट कसा दाखवेल?

इथं कोणी सेवाग्रामचं उदाहरण देतं. १९४२ च्या जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी जावं असा ठराव केला तेव्हा त्यामागचा माणूस बहात्तर वर्षांचा होता. दाखला खरा आहे, आमच्या जिल्ह्याचा आहे, मलाही प्रिय आहे. पण वादात तो फार कामाचा नाही, कारण समोरचा लगेच म्हणतो, ते महात्मा होते. मला साध्या माणसांचे आकडे जास्त मोलाचे वाटतात. देशभरातल्या साठीपुढच्या लोकांच्या लासी-डॅड या अभ्यासानुसार स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. खेड्यांत ते ८.४ टक्के, शहरांत ५.३ टक्के, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. खेड्यातल्या साठीपुढच्या शंभरातल्या एक्क्याण्णव-ब्याण्णव माणसांना स्मृतिभ्रंश नाही, तेव्हा "साठी बुद्धी नाठी" ही म्हण शंभरातल्या नव्वदांवर अन्याय आहे. आणि ज्या आठांना तो आहे, त्यांच्यावर तीच म्हण दुप्पट अन्याय करते, कारण तिच्यामुळे त्यांना कोणी तपासायलाच नेत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण तो माझ्याच माणसांकडून येतो. जिथं कापसाला भाव नाही, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, तिथं प्रथिनांच्या पिळाची चर्चा कोणाच्या कामाची? उत्तर द्यायला मी लांब जात नाही. आमच्याच भागात १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात आणि पुढं वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोग्यांसाठी काम उभं राहिलं. त्या काळी गाव म्हणायचं, पाप आहे, प्रारब्ध आहे, गावाबाहेर काढा. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्येच त्या रोगाचा जंतू दाखवलेला होता. गरीब वऱ्हाडाला जंतूचं काय करायचं, असं म्हणून ते ज्ञान बाजूला ठेवलं असतं, तर त्याच जंतूवर मारा करणारी औषधं १९८० च्या दशकात आमच्या दारापर्यंत कशी आली असती? सेवा करणाऱ्यांनी माणसाला जवळ केलं, ज्ञानानं रोग बरा केला. दोन्हींवाचून भागलं नसतं. म्हातारपणाच्या बाबतीत आपल्याकडे सेवा थोडी आहे, ज्ञान जवळजवळ नाही.

शिवाय हे ज्ञान लगेच वापरता येतं, कारण ते एक साधा प्रश्न विचारायला शिकवतं: बदल किती वेगानं झाला? प्रथिनांची जोडणी सैल होते ती दशकांत. म्हणून ज्या आजीला परवापर्यंत घरचं सगळं कळत होतं आणि आज ती नातवाला ओळखत नाही, तिला "वय झालं" हे उत्तर कधीच लागू नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन वृद्ध माणूस बरळू लागतो. लघवीच्या मार्गातला संसर्ग, साखर एकदम उतरणं, झोपेची किंवा सर्दीची एखादी गोळी, कोणतीही गोष्ट हे करू शकते. हे दोन दिवसांत बरं होण्यासारखं असतं आणि दुर्लक्ष केलं तर जीव घेतं. किती घरांनी याला चळ म्हणून खाट ओसरीत टाकली असेल? त्याशिवाय हळूहळू वाढणारी पण उपाय असलेली कारणं आहेतच: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, आणि मुलानं आत्महत्या केलेल्या घरात आईला ग्रासणारं नैराश्य, जे बाहेरून विसराळूपणासारखंच दिसतं. लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये चौदा धोके मोजून दाखवले आणि ते आयुष्यभर आवरले तर स्मृतिभ्रंशाचे जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज मांडला. त्यात कमी शिक्षण आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपण आहे, न ऐकू येणं आणि न दिसणं आहे. यातलं काय आमच्या गावात नाही?

शेवटचा आक्षेप विज्ञानाच्या आतून येतो आणि मी तो पूर्ण मान्य करतो. मासा, उंदीर, माकड, शिकागो: यात वावरात आयुष्य गेलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली, उन्हात राबलेली बाई कुठं आहे? चाचण्यांचंही तेच. शंभरातून सात सात वजा करा, आजची तारीख सांगा, हे घड्याळ काढा. जिचं पंचांग पोळा, अक्षय्य तृतीया आणि आठवडी बाजारावर चालतं, ती या परीक्षेत नापास होईल, आणि ती नापास होणं हा तिच्या मेंदूचा दोष नसेल. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात न शिकलेल्या वृद्धांसाठी रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांची हिंदी चाचणी तयार झाली, तशी वऱ्हाडी, झाडी, गोंडी बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या बोलीत, त्यांच्या कामांवर बेतलेली चाचणी हवी. पाच पोरांची नावं वयाच्या क्रमानं सांग, एकरी किती पायल्या ज्वारी पेरली ते सांग, बाजारातून काय आणायचं ते तीन गोष्टींपुरतं ध्यानात ठेव. आणि मेंदूदानाबद्दल, रक्ततपासणीबद्दल आमच्याकडे बोलायला सुरुवात व्हायला हवी. निरोगी म्हातारपण कसं असतं याची मोजपट्टी दुसऱ्यांच्या शरीरांवरून आखून घेतली तर तिच्यावर आपण कायम तोकडे किंवा लांबच भरणार.

पुतण्याला मी सांगितलं, नागपूरला नेणारच असशील तर आधी रक्तदाब, साखर, बी-१२ आणि कान तपासून घे. एमआरआयचं नंतर डॉक्टर ठरवतील. त्यानं ऐकलं. साखर थोडी वाढलेली निघाली. उजव्या कानानं दादाजीला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं, आणि घरात जेवायला बसताना मुलगा वर्षानुवर्षं त्याच्या उजव्या हाताला बसत आला होता. आता तो डावीकडं बसतो. काल काय जेवला हे दादाजी अजूनही विसरतो. दोन एकराचा विषय मुलानं दिवाळीपर्यंत थांबवला आहे, आणि पाट वळवायला किती खर्च येईल ते तो बापालाच विचारतो आहे.